सुप्रियाचे कोबाल्टचे थर

आमच्या मालवणच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये चहाला बंदी आहे. चहा बाहेरच्या व्हरांड्यात. मी तिथे बावीस वर्षं लॅब असिस्टंट, त्यामुळे किस्से माझ्याकडे आपोआप साठत गेले. त्यातले निम्मे एकट्या सुप्रियाचे.

सुप्रिया आमच्या परब सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "नेमका काय करतलंस?"

"काका, कोबाल्टचे दोन थर, मधी तांब्याचो एक. तांबा जरा जाड-पातळ झाला, की दोनय कोबाल्टांचा चुंबकत्व कधी एकाच दिशेक, कधी उलट."

"तांबा किती जाड?"

"केसाचे पन्नास हजार भाग केले, तर त्यातलो एक."

त्या दिवसापासून मी तिच्या टेबलाजवळ झाडू जपून मारू लागलो.

*

हे थर ती बीकरमधल्या द्रावणातून, विजेवर चढवायची. एक कोबाल्टचा, एक तांब्याचा, असे एकावर एक शंभर. सत्तराव्या थराला लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. तिसऱ्यांदा असं झाल्यावर परब सर घरचा इन्व्हर्टर रिक्षात घालून घेऊन आले. संध्याकाळी सरांना घरून वहिनींचा फोन.

"आमचो इन्व्हर्टर खंय गेलो?"

"कॉलेजात."

"कित्याक?"

सर शांतपणे म्हणाले, "शिकूक."

*

मग खाऱ्या हवेने त्या थरांच्या पत्र्यावर, म्हणजे फिल्मवर, डाग पडू लागले. ओल शोषणाऱ्या पुड्या मागवल्या होत्या, त्या येईनात. सुप्रिया घरी रडली. दुसऱ्या दिवशी आई स्वतः डबा घेऊन लॅबच्या दारात.

"पावसात मीठ पाझरता, म्हणान आमी बरणयेत भाजलेले तांदूळ घालतो. तुमच्या पत्र्यांका घालून बघा."

घातले. डाग थांबले. प्रबंधात 'कोरड्या डब्यात साठवण' एवढंच लिहिलंय.

*

फिल्म मोजायला पुण्याच्या लॅबकडे पाठवली होती, तिथून मोजमापं आली. चुंबकाजवळ फिल्मचा विद्युतरोध चांगलाच उतरत होता, म्हणजे थर उलट दिशेचे, अगदी हवे होते तसे. सरांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले.

आठवड्याने सुप्रिया सरांसमोर उभी राहिली. तिने पुण्याला जाऊन पुन्हा मोजलं होतं. "सर, ती उतरण खोटी आहे. एक तार सैल होती."

कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहिली असती तर कळलंही नसतं. सरांनी तिचे आकडे जुन्या कागदाशी ताडून बघितले. मग म्हणाले, "पेढे काही परत येणार नाहीत. फिल्म परत करू."

त्यात आणखी दीड वर्ष गेलं. त्या काळात सरांनी तिला एकदाही 'किती झालं?' विचारलं नाही. मला मात्र रोज विचारायचे.

*

शेवटी खरी उतरण सापडली आणि तोंडी परीक्षा ठरली. बाहेरचे परीक्षक कडक. दोन तास त्यांनी तिला सोडलं नाही. थरांमधली सरमिसळ, तांब्याची जाडी, मोजमापातली चूक. सुप्रिया एकदाही अडखळली नाही.

शेवटी रिवाजाप्रमाणे ते म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न आहे?"

मागच्या बाकावरून आई उठली. बाजार आटोपून तशीच आली होती. हॉलमध्ये सगळे वळून बघू लागले.

"माझो एक आसा," ती म्हणाली. "गो, सकाळपासून काय खाल्लंस?"

सुप्रियाने तोंड उघडलं. उत्तर आलं नाही.

परीक्षकांनी चष्मा काढला, फाईल मिटली आणि परब सरांना म्हणाले, "हिला आधी जेवायला घाला. सही मी तोवर करतो."