गोणपाटाचे बोळे

दोन हजार एकवीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. एवढ्या वयाच्या माणसाने असं वागावं? हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी सगळं सांगतो — म्हणजे ती काढूनच घेते.

संगमनेरजवळ आमचं गाव. शाळा तिसरीपर्यंत. पण कांदा साठवावा तो मीच. कांद्याच्या चाळीत वारा कुठून घ्यायचा, कुठून सोडायचा, हे विचारायला लोक माझ्याकडे यायचे. म्हणजे वाऱ्यातलं मला कळत नव्हतं असं नाही. मग?

माझी सून मंगल. तिने चाळीचा मागचा निम्मा भाग विटांनी बांधून घेतला आणि त्यात मशरूम लावलं. शिताके म्हणतात, जपानी जात, थंडीत येते. आंब्याच्या लाकडाचा भुसा, त्यात गव्हाचा कोंडा — वाफवायचा, पिशव्यांत भरायचा, बी घालायचं आणि वाट बघायची. लई दिवस काहीच दिसेना. मला हसू यायचं. मग भुसा बांधून आला, तपकिरी झाला. तिने प्लॅस्टिक सोललं, त्या ढेपा गार पाण्यात बुडवून परत मांडल्या — आणि कोंब फुटले. खोलीला खाली झरोके, वर पंखा, रात्रंदिवस चालू.

त्यातच तिच्या भावाचं लग्न निघालं. जाताना म्हणाली, "मामा, पाणी तेवढं फवारा. झरोक्याला आन् पंख्याला हात लावू नका. यान्लाबी आपल्यावानी श्वास लागतो."

"आता तू मला वारा शिकिव," मी म्हणालो. ती हसली. मी नाही हसलो.

ती गेली आणि कडाक्याची थंडी पडली. खोलीत गेलो, तर ते इवले इवले कोंब आणि खालून बोचरा वारा. आमच्यात बाळंतिणीच्या खोलीला फट ठेवत नाहीत. माझ्या प्रत्येक पोराच्या वेळी आईने भिंतीची भोकं चिंध्यांनी बुजवली होती. मी गोणपाटाचे बोळे केले, झरोके बुजवले, पंखा बंद केला. दया आली म्हणून? की तिने नको म्हटलं होतं म्हणून? आजही मला उमगत नाही. कधी हे खरं वाटतं, कधी ते.

आठवड्यात कोंब वाढले, पण कसे — देठ लांबच लांब, वर टोपी खिळ्याच्या डोक्याएवढी. निघाले, असा मंगलचा फोन आला, तसे मी बोळे उपसले आणि पंखा लावला. घातले ते न कळून असेल. काढले ते कळून.

ते बघून ती खालीच बसली. "मामा, पंखा चालू हुता ना?"

मी म्हणालो, "व्हय."

मग तिचा संशय भुशावर गेला. कडुनिंबाचा मिसळला असेल, त्यात हे येत नाही म्हणाली. भुसा देणारा वखारवाला गणपत, लहानपणी शाळेत माझ्या शेजारी बसलेला, निरोप मिळाला तसा चौथ्या दिवशी स्वतः आला.

"पोरी, निव्वळ आंबा हाय. निंबाचा ढीग मी लांब ठिवतो." मग माझ्याकडे वळला. "सांग की रं हिला. मी असं करीन व्हय?"

आणि मी — काय बोललो मी? "वखारीत सतरा लाकडं चिरत्यात. कुणी काय मिसळलं, तुला तरी काय ठाव?"

तो चहा तसाच ठेवून उठला. आमच्या ओट्यावर परत कधी आला नाही. मंगल इतकंच म्हणाली, "उद्या समदं उकिरड्यावर टाकू, मामा. मला न्हाई जमायचं ह्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात धार काढत होती, तेव्हा मी खोलीत गेलो. वारा परत सुरू झाल्यापासून कोपऱ्यातल्या काही ढेपांवर नवे कोंब आले होते. बुटके, जाड देठाचे, गोल गरगरीत टोपीचे. भुशात खोट नव्हती. फक्त तिला हाक मारायची होती, गोठा भिंतीपलीकडेच. मी पाटी घेतली, आधी त्याच ढेपा भरल्या, उकिरड्यावर नेल्या आणि वरून शेण ओतलं.