वझलवार काकांची मोजणी

अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मॅचकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पंधरा मिनिटांचा दुसरा क्वार्टर सुरू झाला की वझलवार काका उठायचे, बाकावरची घडी केलेली शाल बाजूला ठेवायचे आणि मैदानाकडे पाठ फिरवून वरच्या रांगांकडे बघत उभे राहायचे. ओठ हलायचे, उजव्या हाताचं बोट हवेत पुढे पुढे सरकायचं. मागे मैदानात आमच्या पोरांनी टचडाउन केला, सगळं गाव ओरडत उठलं, तरी काका वळायचे नाहीत. फक्त कपाळाला आठी पडायची, कारण लोक उभे राहिले की मोजणी चुकते.

मी सांगलीहून एम.एस. करायला अमेरिकेतल्या या गावात आलो तो २००१चा ऑगस्ट. नव्या मराठी पोरांना विमानतळावरून आणायचं काम काकांनी स्वतःहून घेतलं होतं, आणि पहिल्या महिन्यातच प्रत्येकाला एकदा स्टेडियमवर न्यायचं हा त्यांचा नेम होता. "लायब्ररी तुला सापडेलच," ते गाडीत म्हणाले, "पण गाव पाहायचं असेल तर शनिवारी माझ्यासोबत चल." पुढे सप्टेंबर उजाडला आणि आमची पाचावर धारण बसली. टीव्हीवर दिवसभर तेच धुराचे लोट, आणि माझा रूममेट दाढी ठेवणारा. गर्दीत जायचं तर नावच नको. पुढे ढकललेली मॅच ज्या शनिवारी झाली, त्या दिवशी काका दारात हजर. "आज घरात काय करून राहिलात? आज तर गेलंच पाहिजे," म्हणाले.

बाकावर त्यांच्या शेजारी अर्ल बसलेला होता. ट्रॅक्टर विकायच्या धंद्यातून निवृत्त झालेला, सहा फुटांहून उंच, बोलण्यात काटकसर करणारा माणूस. काका आणि तो चोवीस वर्षं शेजारी बसत होते. त्याने आम्हा दोघांकडे, मग रूममेटच्या दाढीकडे पाहिलं, आणि आपलं जाड ब्लँकेट आमच्या गुडघ्यांपर्यंत ओढून दिलं. त्या दिवशी मला मॅच अजिबात कळली नाही, पण मी आठवडाभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

काका मूळचे नागपूरचे. साठच्या दशकात आलेले. पस्तीसेक वर्षं त्यांनी विद्यापीठात वाहतुकीचं इंजिनियरिंग शिकवलं आणि त्यातली कितीतरी चौकाचौकात खुर्ची टाकून गाड्या मोजण्यात घालवली. पुढे तीच सवय स्टेडियममध्ये आली. लाउडस्पीकरवर सांगितला जाणारा प्रेक्षकांचा आकडा म्हणजे विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांचा आकडा, हे कळल्यापासून त्यांना चैन पडेना. "तिकीट बसतं का बाकावर? माणूस बसतो," असं म्हणून त्यांनी मोजायला सुरुवात केली. काकू घरी चेष्टा करायच्या, "लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा हे मांडवातली माणसं मोजत होते." काका शांतपणे म्हणायचे, "तुझ्याकडची जास्त होती." काकूंच्या हातचा चिवडा अर्लला इतका आवडायचा, की मॅचला निघताना एक डबा अर्लसाठी वेगळा भरलेला असायचा.

एकदा मी विचारलं, "काका, एवढी माणसं पंधरा मिनिटांत मोजून होतात कशी?" तर म्हणाले, "स्टेडियम भरलं असलं तर रिकाम्या जागा मोजायच्या, रिकामं असलं तर माणसं मोजायची. पूर्वी मी रिकाम्या जागा मोजायचो, बाप्पा. आता माणसं मोजणं सोपं जातं."  त्यांना त्या गोष्टीचं खरंच वाईट वाटत होतं.

त्या वर्षांत इथल्या कॉलेज फुटबॉलची घडीच विस्कटत होती. इथली विद्यापीठं गटागटाने खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. टीव्हीवाले करार करतात ते गटाशी, आणि येणारा पैसा गटात वाटला जातो. त्यामुळे मोठे गट आणखी मोठे व्हायला लागले, ज्या शहरांत जास्त टीव्ही आहेत तिथली विद्यापीठं ओढू लागले, आणि आमच्यासारख्यांच्या गटातली चांगली मंडळी एकेक करून निघून जाऊ लागली. ऐंशी मैलांवरच्या ज्या कॉलेजशी आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, त्याच्याशी मॅच बंद झाली आणि ज्या गावाचं नाव कुणी ऐकलं नव्हतं त्याच्याशी सुरू झाली. वेळही टीव्ही ठरवणार. दुपारी एकची मॅच बारा दिवसांच्या नोटिशीवर संध्याकाळी पाचला. अर्लचा भाऊ शेतावरून यायचा, त्याने गुरांच्या वेळा सांभाळायच्या म्हणून येणं सोडलं. घरी सोफ्यावर बसून मॅच दिसते म्हटल्यावर थंडीत कुडकुडायला येतो कोण? काका म्हणायचे, "टीव्हीवर मॅच दिसते, गाव नाही दिसत."

आणि तरीही काकांची मनापासून इच्छा होती की आमच्या विद्यापीठाला मोठ्या गटात जागा मिळावी. नाहीतर टीम कॉलेज फुटबॉलच्या वरच्या वर्गातून खाली घसरेल आणि मग उरलेलं गावही येणं सोडेल, अशी त्यांना भीती होती. २००३मध्ये तशी संधी आली. एका मोठ्या गटाने विचारणा केली. अट एकच, वरच्या वर्गातली आपली जागा पक्की करून दाखवा. त्यासाठी नवा नियम होता. घरच्या मैदानावरच्या मॅचना सरासरी ठरावीक माणसं हजर पाहिजेत. तिकिटं नव्हे, माणसं. तिकीट फुकट असलं तरी चालेल, पण माणूस आत आला पाहिजे. त्या आकड्यावर खेळविभागाबाहेरच्या एका प्राध्यापकाने सही करायची, आणि विद्यापीठाने ते काम निवृत्त वझलवारांना दिलं. काका हरखून गेले. इतकी वर्षं ज्या सवयीला लोक हसले, तिला आता सरकारी मान मिळाला होता!

आता माझ्याकडे येतो. मी तेव्हा आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होतो. विद्यार्थ्याला धरून सेक्रेटरी करायचं, ही आपल्या मंडळांची जुनी युक्ती. सीझनच्या शेवटच्या मॅचच्या आधी सगळ्या संस्थांना फुकट तिकिटं वाटणाऱ्या खेळविभागातल्या बाईंकडून मी एकशे ऐंशी तिकिटं घेतली. दुपारी मॅच, संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आमची दिवाळी. इथली दिवाळी हॉल मिळेल त्या शनिवारी येते, त्या वर्षी ती नोव्हेंबरात आली होती. सगळं छान जुळलं होतं. मग टीव्हीने मॅच पाचला नेली.

बाईंची ई-मेल आली, "तुमचा ग्रुप अजून येणार आहे ना? नाहीतर ही तिकिटं मी शाळेच्या बँडच्या मुलांच्या पालकांना देईन." तिकिटं मी वाटून टाकली होती, ती परत गोळा करायची म्हणजे एकशे ऐंशी फोन. आणि मुख्य म्हणजे इतक्या गोड बाईंना तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे जेवायला बोलावलं की न येणारा माणूसही "येतो, नक्की येतो" म्हणतो आणि यजमान पान मांडत नाही. मी लिहिलं, "आम्ही नक्की प्रयत्न करू. सगळे खूप उत्सुक आहेत." बाईंनी पान मांडलं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये लहान मुलींचा नाच चालू होता, मसालेभाताचा वास सुटला होता आणि आमची झाडून सगळी माणसं तिथे होती. फक्त काका नव्हते. ते स्टेडियममध्ये पाठ फिरवून उभे होते, आणि त्यांच्यासमोर बाकांच्या चौदाव्या भागात, आमच्या तिकिटांच्या जागी, एक सलग रिकामा चौकोन होता.

वर्षभराचा हिशेब लागला तेव्हा सगळ्या मॅचच्या बेरजेत एकशे बारा माणसं कमी पडली. मला मंगळवारी कळलं आणि मी धावत काकांकडे गेलो. ते स्वयंपाकघराच्या टेबलाशी कागद पसरून बसले होते, डोळे लाल. "काका, आमचे एकशे ऐंशी धरा ना," मी म्हणालो. "तिकिटं घेतलेली होती. टाइम चेंज झाला नसता तर सगळे आले असते, आय स्वेअर."

"आले असते, ठीक आहे. पण आले नाही नं?"

"कोण चेक करणार आहे? तुम्हालाच तर हवंय टीम मोठ्या गटात जावी असं!"

"मला हवंय, म्हणूनच मी हात लावू शकत नाही," काका म्हणाले. "दुसऱ्या कोणाची टीम असती तर कदाचित मोह झाला असता."

खेळविभागाचे प्रमुखही येऊन गेले. डॉक्टरसाहेब, आकडा जरा वरच्या बाजूला पूर्ण करा, एवढंच त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांना कॉफी दिली आणि खरा आकडा लिहून सही केली. त्या मोठ्या गटाचं आमंत्रण दुसऱ्या विद्यापीठाला गेलं. डिसेंबरात कोच सोडून गेला. गावच्या वर्तमानपत्राने आकड्याची बातमी छापली, खाली सही करणाऱ्याचं नाव, आणि त्या नावाचा उच्चार जमो न जमो, सगळ्या गावाला ते पाठ झालं. न्हाव्याच्या दुकानात, बँकेत लोक काकांशी तुटक बोलायला लागले. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण पुढच्या सीझनच्या पहिल्या मॅचला अर्ल आपलं ब्लँकेट घेऊन चार रांगा खाली जाऊन बसला. काकूंनी भरून दिलेला डबा काकांनी तसाच घरी आणला.

मी त्यांना म्हणालो, "अर्लला सांगा ना, की ती तिकिटं आमच्या मंडळाची होती. तुमची काय चूक?"

 "मोजणाऱ्याने किती ते सांगावं. कोण ते सांगू नये," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि मी सांगितलं, तर उद्या गाव म्हणेल, धिस इज व्हॉट दीज इंडियन्स डिड. तुमची पोरं इथं शाळेत जातात. आत्ता मी एकटा वाईट आहे, एकच माणूस मोजला जातो. तुला सांगावंसं वाटलं तर तू सांग. मी नाही म्हणणार नाही."

ते मला कधीही रागावून एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीला बोलवत राहिले, माझ्या थिसिसची प्रकरणं तपासत राहिले. मला त्यांनी झोडपलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पुढे मला जवळच्याच कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, पण अर्ल खाली गेला त्याच सीझनपासून शनिवारी मी काकांच्या शेजारी, अर्लच्या रिकाम्या जागेवर बसत होतो. काही काळाने नियमच सैल झाला. विकलेलं तिकीट म्हणजे हजर माणूस, असं धरायला परवानगी मिळाली. ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते हसले. "चला, आता मोजायला कोणी नको," म्हणाले, आणि त्या शनिवारीही उठून पाठ फिरवून उभे राहिले.

२००७च्या उन्हाळ्यात काकू गेल्या. त्यांची मुलगी काकांना दूर ईडन प्रेरी नावाच्या गावी आपल्या घरी घेऊन गेली. तिथल्या फॅमिली रूममध्ये भिंतभर टीव्ही होता, शनिवारी त्यावर सकाळपासून मॅच असायच्या. फोनवर म्हणायचे, "नातू म्हणतो, आजोबा, बेस्ट सीट इन द हाउस! छान आहे रे. पण कॅमेरा नेहमी भरलेल्या बाजूला वळवतात, मोजू काय?" पुढच्या एप्रिलमध्ये ते झोपेतच गेले.

मी सहा तास गाडी चालवून पोहोचलो. अंत्यविधीच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकवून, अर्ल बसला होता. आता ऐंशी उलटलेला. त्याच्या मुलाने त्याला आणलं होतं. सगळं आटोपल्यावर तो काठी टेकत माझ्याकडे आला आणि विचारलं, "तो माझ्याबद्दल कधी काही बोलायचा?"

"तुम्ही बरे आहात का, एवढं विचारायचे," मी म्हणालो. आणि मग, साडेचार वर्षांनी, मी त्याला सगळं सांगितलं. एकशे ऐंशी तिकिटं, ती ई-मेल, दिवाळीचा हॉल, चौदावा भाग. काकांना हे माहीत होतं आणि त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, हेही सांगितलं.

अर्लने सगळं ऐकून घेतलं. तो चिडला नाही. खिडकीतून बाहेर पार्किंगकडे बघत म्हणाला, "तीन सीझन तो माझ्या मागे चार रांगांवर होता. मला नुसतं चार पायऱ्या चढून जायचं होतं. मला वाटायचं, त्याने आधी यावं."

मग त्याने विचारलं, "तू त्याच्या शेजारी बसायचास ना?"

मी हो म्हणालो. त्या तीन सीझनमध्ये दर मॅचला, बाहेर पडताना, अर्ल मला जिन्यात भेटत होता, आणि सांगायची मोकळीक काकांनी मला कधीच दिलेली होती.