नाव दुसऱ्याच यादीत

आमच्या ऑफिसच्या मजल्यावर कोणी नवीन माणूस आला, की हा सहकारी दोन मिनिटांत स्वतःच्या गालावर बोट ठेवायचा. "ही हाडं बघ," म्हणायचा. "ही गोऱ्या माणसाची नाहीत." समोरचा बिचारा बघायचा. त्याला दिसायचा तो पन्नाशी उलटलेला, उन्हाने लाल पडलेला एक अमेरिकन, ज्याच्या गालात हाडांपेक्षा मांसच जास्त होतं. पण न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचे लोक सभ्य. "हो का," म्हणायचे आणि लिफ्टचं बटण दाबायचे.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. पुण्याहून येऊन मी एका सरकारी खात्यात डेटाबेसचं काम करायला लागले होते. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं, की तू इंडियन आणि मीही इंडियन, कोलंबस चुकला म्हणून आपण बहीणभाऊ. मी हसले. पाचव्यांदा सांगितलं तेव्हाही हसले, कारण नोकरी नवी होती. मग हसणं सोडून दिलं.

त्याची पणजी चेरोकी होती, म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या एका जमातीतली, असं त्याच्या घरात सांगत. त्याच्या तोंडी ती चेरोकी राजकन्या झाली होती. चेरोकींमध्ये राजेच नव्हते हे मला लायब्ररीतल्या एका पुस्तकातून दहा मिनिटांत कळलं. त्याला उभ्या आयुष्यात कळलं नव्हतं. बोटात पिरोज्याची अंगठी असे. खिडकीपाशी उभा राहून तो म्हणायचा, पाऊस येणार, मला आतून समजतं, रक्त विसरत नाही. वेलिंग्टनमध्ये पाऊस येणार हे सांगायला पणजी कशाला लागते?

त्याच्या समोरच्या टेबलावर मेरे नावाची बाई बसायची. ती माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळच्या लोकांतली, साठीला टेकलेली, कमी बोलणारी. एकदा टी-रूममध्ये टोस्टला लोणी लावता लावता तिने त्याला विचारलं, की तिकडे तुझी कोण माणसं आहेत, तू फोन कोणाला करतोस. तो म्हणाला, सगळे गेले. तिने पुढे विचारलं नाही. तो गेल्यावर मला म्हणाली, "मेलेले नातेवाईक बरे. ते कोणाच्या मयताला भांडी घासायला बोलवत नाहीत."

ऑफिसात वर्षातून एकदा सगळ्यांनी आपापल्या देशाचं खाणं आणायचा दिवस असे. मी साबुदाण्याची खिचडी नेली होती. हा केसात पीस खोवून आणि छोटा ढोल घेऊन आला आणि जेवणाआधी त्याने चेरोकी प्रार्थना म्हणून चार ओळी म्हटल्या. त्या कुठून आणल्या होत्या देव जाणे. मेरे उठून बाहेर गेली, न वाजलेला फोन घ्यायला. मला मात्र बसून ऐकावं लागलं, कारण खिचडीचं पातेलं माझ्यापुढे होतं.

हे एकदाचं संपावं म्हणून मीच त्याला म्हटलं, की मी तुझी पणजी शोधून देते. खरं सांगते, ती सापडू नये असंच मला वाटत होतं. तो खोटा ठरावा एवढ्यासाठी मी कामाला लागले.

तुम्हाला थोडक्यात सांगते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन सरकारने चेरोकींची सामाईक जमीन माणशी वाटून टाकायचं ठरवलं. त्यासाठी जमातीतल्या प्रत्येकाची नोंद केली. घरटी एक कार्ड, माणशी एक क्रमांक, आणि पुढे अपूर्णांकात लिहिलेलं रक्त: अर्धं, पाव, अष्टमांश. त्या याद्यांत पूर्वज सापडला, तर आजही जमातीत नाव घालता येतं. याद्यांची सूची इंटरनेटवर आली होती. ज्याचं रक्त विसरत नव्हतं, त्याने ती एकदाही उघडली नव्हती. पणजीचं नाव, तिच्या आईचं आणि भावंडांची नावं घरातल्या बायबलात लिहिलेली होती. ती मला आणून द्यायलाही त्याला तीन आठवडे लागले.

रक्ताच्या यादीत पणजी नव्हती. मला झालेला आनंद मी लपवला नाही. पण यादी बंद करता करता सहज दुसरी उघडली, आणि तिथे ती होती. अकरा वर्षांची. आई तीच, दोन्ही भाऊ तेच, गावही तेच. चेरोकींमधल्या श्रीमंतांनी काळी माणसं गुलाम म्हणून बाळगली होती. सुटका झालेल्या त्या गुलामांची आणि त्यांच्या मुलाबाळांची ही वेगळी यादी. मी अमेरिकेला लिहून कार्डाची नक्कल मागवली. दीड महिन्याने जाड पाकीट आलं, सोबत नोंदीच्या वेळी घेतलेल्या आईच्या जबानीची तीन पानं. कार्डावर रक्ताचा रकानाच नव्हता. त्याऐवजी दुसरा रकाना होता: कोणाचा गुलाम. आईच्या नावापुढे मालकाचं नाव लिहिलेलं होतं.

त्याने कार्ड वाचलं. त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"ही दुसरी कोणीतरी आहे," तो म्हणाला.

मी नावं एकेक करून दाखवली. त्या नावांची माणसं शेकड्यांनी असतील, असं तो म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढून त्याने हळूच विचारलं, "कोणाला दाखवलंस का?"

नाही, मी म्हटलं. इतके दिवस मला त्याचं हसू येत होतं. त्या क्षणी किळस आली. याला पणजी हवी होती, पण पिसं लावलेली. ही चालत नव्हती.

पुढच्या मार्चमध्ये, आयरिश लोकांच्या सणाच्या दिवशी, तो हिरवा टाय लावून आला आणि एका नव्या मुलीला सांगू लागला, की आम्ही मुळात आयरिश. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानंतर कामापलीकडे मी त्याच्याशी बोलले नाही.

दीडेक वर्षाने त्याने नोकरी सोडली. ऑकलंडला, बॉटनी डाउन्सला त्याची मुलगी होती, तिच्याकडे राहायला जाणार होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनवर लोअर हट या उपनगराच्या गाडीची वाट बघत होते. तो येऊन शेजारी उभा राहिला. जाडजूड माणूस, पण कोट खांद्यांवर लोंबत होता.  त्याने विचारलं, की त्या पाकिटात आणखी पानं होती, त्यांत काय होतं.

ती पानं त्याने वाचलीच नव्हती. मला मात्र पाठ झाली होती. मी सांगितलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मालकाने पणजीच्या त्या आईला तिच्या माणसांसकट दूर दक्षिणेला नेलं होतं. तेव्हा ती लहान मुलगी. लढाई संपल्यावर ते सगळे चालत परत आले. अमुक तारखेच्या आत परतलेल्यांनाच जमातीत हक्क मिळणार होता, म्हणून नोंद करणारा साहेब तिला पुन्हापुन्हा महिना विचारत होता. तिला महिना सांगता येईना. ती म्हणाली, मक्याची कापणी झाली होती, ताटांवर राहिलेली कणसं आम्ही वेचून खाल्ली.

 माझी गाडी लागली. मी जायला निघाले तेव्हा म्हणाला, "माझी आजी गाडी थांबवायची."

मला कळलं नाही. तेव्हा त्याने सांगितलं. कापणी झालेलं मक्याचं शेत दिसलं, की आजी गाडी थांबवायला लावायची आणि परक्याच्या शेतात उतरून राहिलेली कणसं ओच्यात भरून आणायची. घरात खायला भरपूर होतं. का करतेस विचारलं, तर म्हणायची, माझी आई करायची. मुलं लाजेने सीटखाली दडून बसत.

"मीही बसायचो," तो म्हणाला.

 मी त्याला माफ केलं असं नाही. गाडीत चढून दारातून फक्त पणजीच्या त्या आईचं नाव घेतलं. त्याने ते एकदा माझ्यामागून म्हटलं, परक्या भाषेतला शब्द म्हणून बघावा तसं, जपून. दारं बंद झाली. गाडी हलली तेव्हा तो फलाटावर उभा होता आणि त्याचे ओठ पुन्हा हलत होते.