कळवायचं कोणाला

त्यांना सगळे दातवाली ताई म्हणत. सगळे म्हणजे तीन दवाखाने आणि त्यांच्याकडून रोज चार वाजता जबड्यांचे साचे आणणारा, तयार कवळ्या घेऊन जाणारा स्कूटरवाला. तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत त्या एकट्याच बसत. प्लास्टर कालव, मेणात दात रोव, घास, चमकव. सव्वीस वर्षांत शेकडो माणसं ताईंनी केलेल्या दातांनी हसली असतील. त्यांनी त्यातलं एकही हसू पाहिलं नव्हतं.

पंचावन्नाव्या वर्षी ताईंनी ठरवलं, अस्वलं बघायला जायचं. थेट उत्तरेला, ध्रुवाच्या बाजूला, जिथे झाडंसुद्धा संपतात आणि नुसतं शेवाळ उरतं.

"हे काय नवीन काढलंत?" वहिनीने फोनवर विचारलं होतं.

"जन्मभर बसवलेले दात बघितले. एकदा उगवलेले बघते."

तयारी त्यांनी कवळीसारखीच केली, मिलिमीटरचा हिशेब ठेवून. बारा दिवस, आठ माणसं, मुक्काम तंबूत. पाण्यावर उतरणारं चिमुकलं विमान, म्हणून सामान पंधराच किलो. त्या पाठपिशवीत प्लास्टरच्या तीन पिशव्या कोंबून रोज जिना चढू-उतरू लागल्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दार किलकिलं करून बघायचे, काही विचारायचे नाहीत. दुर्बीण आणली, समोरच्या छपरावरच्या कबुतरांवर नजर बसवली. डासांसाठी जाळीची टोपी आणली आणि सवय व्हावी म्हणून दिवसभर ती घालूनच काम केलं. खोलीत टोकायला कोण होतं?

मग सहल कंपनीतल्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, फॉर्म एकदम छान भरलाय. फक्त एक घोळ झालाय. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे तुम्ही स्वतःचाच नंबर लिहिलाय."

"हो. मी उचलते ना फोन."

"पण मॅडम, अडचणीत तुम्हीच असाल."

दातवाल्या ताईंनी फॉर्मची प्रत काढून पाहिली. हाताने सवयीने लिहून टाकलं होतं. कित्येक वर्षं प्रत्येक कागदावर हाच एक नंबर लिहीत आल्या होत्या.

"शुक्रवारी पाचपर्यंत दुसरं कोणीतरी द्या. आम्ही त्यांच्याशी बोलून खात्री करून घेतो. तिथून सगळ्यात जवळचं गाव दोनशे किलोमीटरवर आहे हो. नाव नसलं तर जागा पुढच्याला द्यावी लागेल."

त्यांनी दादाला फोन लावला.

"माझं नाव? अजिबात नाही," दादा म्हणाला. "नाव दिलं म्हणजे मीच जा म्हटल्यासारखं झालं. उद्या अस्वलाने तुला खाल्लं, तर लोक मला काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"विषय बदलू नकोस!"

मागून वहिनी ओरडली, "त्यापेक्षा इकडे या म्हणावं, आठ दिवस निवांत राहा!"

"ऐकलंस? वहिनी काय म्हणतेय बघ."

"येते की. कधी येऊ?"

"बघू," दादा म्हणाला. "सध्या घरात रंगकाम निघालंय."

फोनमधली यादी त्यांनी वरून खालपर्यंत सरकवली. प्लास्टरवाला, मेणवाला, नळदुरुस्तीवाला. शाळेतल्या मैत्रिणीचा नंबर लावला, तर भलत्याच बाईने उचलला आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला.

शुक्रवारी चार वाजता स्कूटरवाला आला. पन्नाशीचा, हेल्मेट न काढताच बोलणारा.

"तुमचा नंबर एका कंपनीला देऊ?" त्यांनी विचारलं.

"काय विकतात?"

"विकत नाहीत. मी उत्तरेला चाललेय. तिथे मला काही झालं, तर ते तुम्हाला कळवतील."

त्याने हेल्मेट काढलं. "मला?" मग मान हलवली. "द्या की. त्यात काय एवढं."

ताईंनी लगेच नंबर कळवला आणि पाच मिनिटांत त्याच्या फोनवर कंपनीतल्या मुलीचा आवाज आला. दोघांना ऐकू यावं म्हणून त्याने स्पीकर लावला.

"आपण मॅडमचे कोण?"

"मी रोज येतो."

"म्हणजे नातं काय?"

"अहो, रोज चारला येतो. बारा वर्षं. सख्खे तरी येतात का इतके?"

मुलगी हसली. "बरं. त्यांना काही आजार, गोळ्या वगैरे?"

त्याने ताईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"काही नाही. ठणठणीत. प्लास्टर पाठीवर घेऊन जिने चढतात."

"आणि शेवटचं, त्यांचं पूर्ण नाव सांगा."

त्याने पटकन फोनवर घट्ट तळवा दाबला आणि कानकोंडा होऊन कुजबुजला, "ताई, नाव काय हो तुमचं?"

त्यांनी हळूच सांगितलं. त्याने तळवा काढून ते आडनावासकट खणखणीत म्हटलं. ताईंची नजर नकळत दाराकडे गेली, कोणी बाई आत आलीय की काय म्हणून.

"झालं, जागा पक्की!" मुलगी म्हणाली.

त्याने कवळ्यांची डबी पिशवीत टाकली. दारात जाऊन पुन्हा वळला.

"ताई, समजा खरंच फोन आला. मग मी पुढे कोणाला सांगायचं?"

ताईंनी हाताचं प्लास्टर पुसलं. "तिन्ही दवाखान्यांना सांगा. कवळ्या दुसरीकडून करून घ्या म्हणावं."

तो खो-खो हसत जिना उतरला. "थट्टासुद्धा करता की हो तुम्ही!" खालच्या मजल्यावरून त्याचा आवाज आला. त्यांनी त्याला तसंच समजू दिलं.