शेंडगे मॅडमची बिनऔषधाची गोळी

रिपोर्ट वाईट आला की शेंडगे मॅडम आधी पेशंटचं अभिनंदन करायच्या. "वा! साखरेनं किडनीला आग लावलीच होती, तुम्ही वरून लोणचं घातलंत." साताऱ्यातल्या त्या खाजगी दवाखान्यात मी त्यांच्या संशोधनाची नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा माझं स्वागतही तसंच झालं. "हसतमुख आहात. जाईल ते."

मॅडम किडनीच्या डॉक्टर, मूळच्या आटपाडीच्या. मधुमेहानं किडन्या निकामी होऊन वडील गेले, डायलिसिससाठी सांगलीच्या फेऱ्या मारता मारता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही एसटीच्या सीटांना नावं ठेवण्याच्या ओघात.

आमच्याकडे एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. मधुमेहात किडनी आतून धुमसत राहते. तो दाह ही गोळी शमवते का, ते पाहायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते आम्हालाही ठाऊक नसे.

खंडाळ्याचे निवृत्त सुभेदार जगताप आमचे सर्वांत उत्साही पेशंट. 'दाह कमी करणारी गोळी' एवढंच ऐकून त्यांनी दुखऱ्या गुडघ्यासाठी मेडिकलमधून सुजेच्या गोळ्याही स्वतःच्या मनानं सुरू केल्या. पुढच्या तपासणीत किडनीचं काम एकदम ढासळलेलं.

"आवं मॅडम, तुमचीबी सुजंचीच गोळी न्हवं? म्हटलं, दोनी बाजूनं हल्ला करावा."

"केलात की. आपल्याच छावणीवर. दुखणं मारणाऱ्या त्या गोळ्या किडनीलाही सोडत नाहीत."

त्या गोळ्या सुटल्या. मॅडम फोन करकरून त्यांच्या मिठावर पहारा ठेवू लागल्या. हळूहळू किडनी सावरली. सुभेदारांनी मात्र गावभर नव्या गोळीचाच जयजयकार केला. दवाखान्याच्या मालकांनी तर त्यांच्या फोटोचा फलकसुद्धा छापायला टाकला.

तेवढ्यात चाचणी थांबली. गोळीचा उपयोग दिसत नाही, असं कंपनीनं कळवलं. कुणाला काय मिळालं तेही उघड झालं. सुभेदारांची गोळी बिनऔषधाची निघाली.

"पण माणूस सुधारलाय ना?" मालक म्हणाले. "फलक लावायला काय हरकत आहे?"

"लावा की. खाली लिहा, आमच्या गोळीत काहीच नसतं."

फलक लागला नाही. मालकांनी मॅडमशी बोलणंच सोडलं, आणि मॅडमनी त्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं.

मग सगळ्या पेशंटना बोलावून त्यांनी स्वतःच निकाल सांगितला. एक बाई म्हणाल्या, "मंग आमी एवढं रगात दिलं, ते वाया गेलं व्हय?"

"वाया नाही," मॅडम म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मीच दचकले. "ही गोळी आता कुणाला उगाच खावी लागणार नाही."

सुभेदार टोपी हातात घेऊन बसले होते. मग म्हणाले, "फौजंत पुढची वाट बघाय माणूस धाडत्यात. त्यो परत यिऊन सांगतो, हिकडनं रस्ता न्हाई. त्याला कुणी हारला म्हणत न्हाई, मॅडम."

मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं. तिकडे बघतच म्हणाल्या, "चहा प्या. बिनसाखरेचा आहे, तोंडं वाकडी करू नका."

त्यानंतर त्या सांगलीला गेल्या. तिथं आता दुसऱ्या गोळीची चाचणी करतात. मध्यंतरी मी फोनवर विचारलं, "मॅडम, ही तरी लागू पडेल असं वाटतं का?"

"मला काय वाटतं यावर भागलं असतं," त्या म्हणाल्या, "तर चाचणी कशाला केली असती?"