गुलाबी चिठ्ठी

क्वीन्सटाउनला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन म्हातारे राहत. बायको इथली, शाळेत शिक्षिका. ती गेल्यावरही ते तिच्याच घरात राहिले. ऐंशी ओलांडलेले, कमी बोलणारे. तरुणपणी व्हिएतनामच्या युद्धासाठी ते हेलिकॉप्टरचे वैमानिक तयार करत, हे मला माझ्या मुलाकडून कळलं.

मुलगा अठराचा. नॅशनल सर्व्हिस, इथल्या प्रत्येक मुलाला सक्तीची दोन वर्षांची लष्करी सेवा, तोंडावर आलेली आणि त्याला वैमानिक व्हायचं होतं. रोज संध्याकाळी तो त्यांच्याकडे जाऊन बसायचा. एकदा जेवायला बोलवायला गेलो, तर तो खुर्चीवर बसलेला, गुडघ्यांमध्ये छत्री हेलिकॉप्टरच्या दांड्यासारखी उभी धरून. म्हातारे त्याच्या शेजारी.

"आवळू नकोस," ते सांगत होते. "दोन बोटं पुरेत."

मग ते मुलाच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिले की तो ओशाळला. तो बाहेर पडल्यावर ते मला म्हणाले, "याचा हात चांगला आहे."

मला आनंद व्हायला हवा होता. आम्ही इथले नागरिक झालो तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याच्या फॉर्मवर सही माझी. तेव्हा डोळ्यांपुढे शाळा होती, फ्लॅट होता. लष्कर फार लांब वाटलं होतं.

दोन दिवसांनी, मुलगा घरी नसताना, मी त्यांचं दार वाजवलं.

"त्याला सांगाल का, की तुला हे जमणार नाही? तुमचं तो ऐकेल."

ते रागावले नाहीत. मला बसवलं, स्वतः मात्र उभे राहिले.

"टेक्सासमधला आमचा तळ बघता बघता गावाएवढा झाला," ते म्हणाले. "युद्धाला वैमानिक पुरत नव्हते. शिकवणाऱ्यांतले काही स्वतःच कालपरवा शिकलेले. माळावर उतरायची मैदानं आखली आणि त्यांना व्हिएतनाममधल्या गावांची नावं दिली. पोरं तिकडे जाण्याआधीच त्या गावांत उतरत होती. कुणाचं उड्डाण नापास केलं की गुलाबी चिठ्ठी द्यायची. मी पास केलेल्या दोघांची बातमी एकाच आठवड्यात आली. तेव्हा माझ्या हाताखाली एक शेतावरचा पोरगा होता. फार छान हात. म्हटलं, याला तरी वाचवू. ओळीने तीन दिवस गुलाबी चिठ्ठी दिली. खोटी. तो म्हणाला, सर, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"मग?"

"नापास झालेल्यांना घरी पाठवत नसत. त्याला पायदळात टाकलं. तिथे तो चार महिने जगला."

ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. "अजून विचारतो तो पोरगा," ते म्हणाले. आणि मग, "तुझ्या मुलाला काय सांगू, बोल."

"काही नको," म्हणत मी उठलो.

पुढे वैद्यकीय तपासणीत मुलगा डोळ्यांवरून बाद झाला. "इट्स ओके लाह, बाबा," एवढंच इथल्या पोरांच्या धाटणीत बोलून खोलीत गेला. काही आठवड्यांनी नेमणूक कळली: पायदळ. इथे युद्ध नाही, शनिवारी तो मळके कपडे घेऊन घरी येणार, असं मी स्वतःला बजावत राहिलो. लिफ्टपाशी म्हाताऱ्यांनी विचारलं, "कुठे टाकलं त्याला?" मी सांगितलं. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. ते आत शिरलेच नाहीत. त्यानंतर मुलाने कितीदा बेल वाजवली, पण त्यांनी त्याला दार उघडलं नाही. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या बायकोच्या भाच्याने फ्लॅट रिकामा केला.

दोन वर्षं पुरी करून मुलगा धडधाकट घरी आला. त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये जेवताना मी त्याला सगळं सांगून टाकलं. मी त्यांच्याकडे काय मागायला गेलो होतो, तेही.

त्याने चमचा खाली ठेवला.

"त्यांनी तसं सांगितलं असतं ना बाबा, तर मी विश्वास ठेवला असता," तो म्हणाला. "जन्मभर."

तो उठला आणि माझंही ताट आपल्या ट्रेमध्ये घेऊन ठेवायला गेला.