मस्कतची बाजू

आमचे हे अठरा वर्षं मस्कतले होते, एका बांधकाम कंपनीत. मी इकडं रायपूरले, समता कॉलोनीत. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करता करता पोट्टी मोठी केली, स्कूटी शिकली, मग कारही शिकली. हे सुट्टीवर आले की पहिले आठ दिवस घरात एकच कीर्तन, तिकडं असं नाही चालत. तिकडं झेब्रावर पाय ठेवला की गाडी थांबते. तिकडं हॉर्न वाजवला तर लोकांले शिवी दिल्यासारखं वाटते. तिकडं लाल बत्ती तोडली की थेट कोठडी. मी म्हणायची, मग तिकडच्याच बत्तीखाली संसार थाटा ना बाप्पा. हसायचे. पण खरं सांगते, मले अभिमान होता यांचा. मागच्या सीटवरच्यालेही बेल्ट लावायले लावणारा माणूस अख्ख्या कॉलोनीत एकच होता.

कायमचे परत आले त्याले आता तीन वर्षं झाली. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून मले वाटलं, इथं गोंधळतील. कशाचं काय! पुरानी बस्तीतल्या गल्लीत ई-रिक्षा, गाई, उलटा येणारा बुलेटवाला, सगळ्यांतून हे अशी नीट गाडी काढायचे की मी निर्धास्त. गर्दीच माणसाले त्याच्या बाजूनं ठेवते, हे मले तेव्हा कुठं माहीत होतं.

मागच्या एप्रिलात नवा रायपूरले यांच्या एका मित्राच्या घराची वास्तुशांत होती. जेवणं आटोपून भर दुपारी निघालो. रस्ते हे एवढे रुंद, मधात झाडं लावलेली, आणि चिटपाखरू नाही. सिग्नल आपला कोणासाठी तरी लाल-हिरवा होऊन राहिला होता. हे लाल बत्तीवर थांबले. चारी दिशांनी कोणी नाही, तरी पूर्ण थांबले. गाडीत एसीचा तेवढा आवाज. हिरवी झाली तसा यांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, आणि अगदी सावकाश दुभाजकाच्या पलीकडच्या रस्त्यावर गाडी घातली.

मले वाटलं, पुढं वळायचं असंल. वळले नाही. दुभाजकाची झाडं नेहमी यांच्या खिडकीकडून जातात, ती आता माझ्या खिडकीकडून चालली होती. रस्त्यावरच्या पाट्या सगळ्या पाठमोऱ्या. गाडी चाळीसच्या वर नाही, हात स्टीअरिंगवर जसे पाहिजे तसे, आणि चेहरा इतका निवांत की मले भीती वाटायले लागली.

"अहो, आपण उलट्या बाजूनं चाललो," मी म्हटलं.

माझ्याकडं न पाहताच ते म्हणाले, "पुढच्या चौकातून समुद्र दिसते."

समोर उन्हात एक पांढरा ठिपका हलून राहिला होता. जवळ आला तशी बस दिसली. हे काही बाजूले होईनात. यांच्या हिशेबानं चूक बसवाल्याची होती, आणि तसं त्यांनी मले समजावूनही सांगितलं, त्या ड्रायव्हरची कीव करत. मी स्टीअरिंग माझ्याकडं ओढलं आणि हँडब्रेक खेचला. बस हॉर्न वाजवत यांच्या खिडकीजवळून निघून गेली. आमची गाडी दुभाजकाले टेकून थांबली.

मी म्हटलं, उतरा, मी चालवते. हे उतरले, माझ्या जागी येऊन बसले, बेल्ट लावला. दुभाजकात जिथं पहिली फट दिसली तिथून मी गाडी आपल्या बाजूले घेतली. डावीकडून, नियमानं, तीसच्या चालीनं.

तसे हे ताठ झाले. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. कपाळावर घाम. मी विचारलं, काहून, काय होऊन राहिलं तुम्हाले? त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, अनोळखी माणसाकडं पाहावं तसं. हात जोडले. आणि इतक्या वर्षांत माझ्यासमोर ज्यांचा आवाज कधी कापला नाही, ते रडवेले होऊन म्हणाले,

"मॅडम, गाडी थांबवा. तुम्ही उलट्या बाजूनं चालल्या. माझी बायको तिकडं रायपूरले एकटी आहे."